गाडी कुणासाठी धावते?

आमच्या भंडारा जिल्ह्यात रुग्णवाहिकेचं लोकार्पण हा गेल्या काही वर्षांत जवळजवळ सणच झाला आहे. कधी एखादं मंडळ, कधी पतसंस्था, कधी पुढारी, तर कधी कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ गाडी देतं. नारळ फुटतो, बोनेटवर हार पडतो, चावी हातात देतानाचा फोटो निघतो. गाडीच्या एका अंगाला देणाऱ्याचा हसरा चेहरा असतो आणि दुसऱ्या अंगाला घोषणा: रक्तदान करा, हेल्मेट वापरा, मुलगी वाचवा. गावातली चार-सहा पोरं आळीपाळीनं चालक होतात. भाषणात एक वाक्य हमखास येतं, की ही गाडी नुसती रुग्ण वाहून नेणार नाही, ती जनजागृतीही करील.

मी हे थट्टेनं लिहीत नाही. ही पोरं मनापासून राबतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा, आणि पुढच्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत नातेवाईकही हात लावायला धजत नव्हते तेव्हा, अशाच पोरांनी माणसं उचलली. तरीही त्या वाक्यापाशी मी अडते. जागृती कुणाची आणि कशाची?

आपल्या चळवळीला 'जनजागृती' आणि 'जाणीवजागृती' या दोन शब्दांतला फरक चांगला ठाऊक आहे. जनजागृतीत सांगणारा एक, ऐकणारे अनेक, आणि सांगणाऱ्याला सगळं आधीच माहीत. जाणीवजागृतीत बाया एकत्र बसतात, आपापल्या घरात घडलेलं बोलतात, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात येतं की हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नव्हतं. १९७५ नंतर महाराष्ट्रात गावोगावच्या गटांनी हेच केलं. माझं म्हणणं असं आहे की स्वयंसेवी रुग्णवाहिका पहिल्या प्रकारची जागृती घोषणांनी करू पाहते आणि ती फारशी होत नाही. दुसऱ्या प्रकारची संधी तिच्यापुढं रोज आयती येते, कारण ती लोकांच्या दारापर्यंत जाते, तेही घरातला प्रश्न उघडा पडलेला असतो त्या घटकेला. पण तिकडे तिचं लक्ष नसतं. तिचं लक्ष रस्त्याकडे असतं.

रस्त्याचं आधी सांगते, कारण तिथं खरोखर काही बदललं आहे. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्हा चिरत जातो. अपघात झाला की लोक जमायचे, बघायचे आणि पांगायचे. हात लावला की पोलीस चौकी, जबाब, कोर्टाच्या तारखा, अशी भीती. ती खोटी नव्हती. मार्च २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येणार नाही, हे कायद्यातच लिहिलं गेलं. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या महामार्ग पोलिसांनी 'मृत्युंजय दूत' योजना काढली. महामार्गालगतच्या गावातली माणसं, ढाबेवाले, पेट्रोल पंपावरचे कामगार यांना जखमीला कसं उचलायचं, रक्तस्राव कसा थांबवायचा हे शिकवायचं, स्ट्रेचर द्यायचं, अशी ती योजना. त्याच वर्षी केंद्रानं मदत करणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस ठेवलं. २०२५ मध्ये ते पंचवीस हजार झालं आणि मदत करणाऱ्याला 'राहवीर' असं नाव मिळालं.

स्वयंसेवकांच्या शिबिरांत कायद्याचा तास घ्यायला मला बोलावतात. एम.एस.डब्ल्यू. केल्याला आता बरीच वर्षं झाली. पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत बचत गटांबरोबर काम करते, म्हणून 'बाईंना कायदा येतो' एवढी ख्याती आहे. १३४ अ कलम मी फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं वही काढतात. अपघातग्रस्ताला उचलताना आता त्यांचे हात थरथरत नाहीत, आणि गावातली इतर माणसंही पुढं येतात. एक माणूस न घाबरता वाकला की पाहणाऱ्या दहांची भीती कमी होते. रुग्णवाहिकेनं केलेली खरी जागृती हीच. ती घोषणेनं झाली नाही, समोर घडलेल्या कृतीनं झाली.

पण ते कलम आपण बायांनी नीट वाचायला हवं. संरक्षण आहे ते मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला. बक्षीसही त्यालाच. स्वयंपाकघरात जळालेल्या बाईला उचलणारा, फवारणीचं औषध प्यालेल्या सुनेला गाडीत घालणारा, रात्री नवऱ्यानं डोकं फोडलेल्या शेजारणीला दवाखान्यात नेणारा या कलमात कुठंच नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलणाऱ्याला राज्य वीर म्हणतं. घरात पडलेल्या बाईला उचलणाऱ्याला गाव विचारतं, 'तुले काय पडली होती त्याइच्या घरात जावाची?'

मी काही गाड्यांच्या नोंदवह्या पाहिल्या आहेत. चालवणारी पोरं व्यवस्थित असली की वही ठेवतात: तारीख, वेळ, रुग्णाचं नाव, कुठून कुठं, किलोमीटर, डिझेल. पानं उलटत गेलं की जिल्ह्याचं एक चित्र उभं राहतं. मोटारसायकल घसरलेले तरुण, छातीत दुखणारे काका, झाडावरून पडलेला मजूर, अधूनमधून शव. बायका येतात त्या बहुतेक बाळंतपणाच्या. गर्भपात होऊन रक्त जाणारी, जळालेली, विष प्यालेली, मारहाण झालेली बाई या वह्यांत शोधावी लागते. म्हणजे आमच्या गावांत अशा बायका नाहीत का? आमच्या गटांच्या बैठकीत विचारा, दर गावच्या दोन-चार गोष्टी निघतात. त्या बायका गाडीपर्यंत पोहोचतच नाहीत. फार तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेल्या जातात.

बाईचं दुखणं दिसत नाही हे काही आम्हीच शोधून काढलेलं नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या बाया जेमतेम ८ टक्के होत्या. त्याला आता तीन तपं होऊन गेली. दवाखाने वाढले, रस्ते झाले, गाड्या आल्या. पण अंगावर काढायची सवय गाडी आल्यानं जात नाही, कारण ती सवय बाईची एकटीची नसते. सगळ्या घराची ती सोय असते.

सरकारी व्यवस्थेतही एक गंमत आहे. जून २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. गरोदर बाईला घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि बाळंत झाल्यावर परत घरी नेणं सरकारी खर्चानं, हा तिचा हक्क झाला. पुढं वर्षाच्या आतल्या आजारी बाळालाही तो मिळाला. त्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी. फार मोठी गोष्ट झाली ती, आणि अजूनही कितीतरी बायांना परतीच्या प्रवासाचा हक्क ठाऊक नसतो, म्हणून इथं मुद्दाम लिहिते आहे. पण नावच पाहा: जननी आणि शिशु. बाई आई होत असेल तोवर तिच्यासाठी वेगळी गाडी आहे. गावकऱ्यांच्या डोक्यातही तीच वाटणी बसली आहे. पोटुशी असेल तर 'गाडी बलावा'. बाकी वेळी 'सकारी पाहू'.

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायांनी बाळंतपणातल्या मृत्यूंविषयी तीन उशिरांची मांडणी केली होती. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्याचा, दुसरा पोहोचण्याचा, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. रुग्णवाहिका दुसऱ्या उशिरावरचा उपाय आहे. आम्ही सगळा पैसा, सगळे हार आणि नारळ या दुसऱ्या उशिरावर खर्च करतो. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. त्यातला किती वेळ सासऱ्याची वाट पाहण्यात गेला, हे कुठं लिहिलं जातं?

आमच्याकडे ठरवण्याचा उशीर कसा होतो ते सांगते. आषाढ-श्रावणात रोवणी असते. सगळं गाव बांधीत, चिखलात वाकलेलं. घरी राहते ती नऊ महिन्यांची पोटुशी, नाहीतर तापानं फणफणलेली बाई. दुखायला लागलं तर ती कुणाला सांगणार? 'घरचे मानसं वावरात, त्याइले पुसल्याबिगर गाडी कशी बलावू?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता प्रश्न विचारण्याआधीच ते माझ्या कानात वाजतं. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालतं, घरातले पुरुष तिकडे. 'फोन त पोराजवर होता, अन् पोरगा मंडईत.' गाडीचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पानठेल्यावर, चौकातल्या फलकावर ठळक लिहिलेला असतो. बायका पानठेल्यावर उभ्या राहत नाहीत. त्या जातात पाण्याच्या नळावर, रेशनच्या दुकानात, अंगणवाडीत, दळणाच्या चक्कीवर. तिथल्या भिंती कोऱ्या.

सर्पदंशाचंही तसंच. धानाच्या पट्ट्यात पावसाळा म्हणजे साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिसर्पविषाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुरुषाला साप चावला तर आता बऱ्याच गावांत आधी गाडी येते, मग मांत्रिक. बाईच्या वेळी हा क्रम उलटा झालेला मी पाहिला आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूणही धड दिसत नाही, सूज नाही. सकाळी बाई म्हणते पोट दुखतं, डोळे उघडत नाहीत, जीभ जड झाली. घरचे म्हणतात अंगात आलं असेल, नाहीतर कामाचा कंटाळा. खाट घरात एक असली तर तिच्यावर कोण झोपतं, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

आणि तिसरी भीती पोलीस केसची. विष प्यालेल्या सुनेला घरात मिठाचं पाणी पाजून उलट्या करवत बसतात, कारण बाहेर कळलं तर केस होईल. या ठिकाणी स्वयंसेवकाला दोन गोष्टी ठाऊक असल्या तरी जीव वाचतो. पहिली, आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून आता त्या बाईवर गुन्हा होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं ती मोठ्या ताणाखाली होती असंच धरायचं ठरवलं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम घेतलंच नाही. तिला कुणी छळलं असेल तर त्याची केस होईल, ती व्हायलाच हवी. दुसरी, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. तरी आमच्या गटातल्या एका बाईच्या सुनेला घेऊन गेलेल्या गाडीला एका खाजगी दवाखान्यानं फाटकातूनच 'मेडिकलला न्या' म्हणून परत लावलं. मेडिकल म्हणजे नागपूर. चालक पोरानं हुज्जत घातली नाही, कारण रस्त्यावरच्या अपघाताचा कायदा त्याला पाठ होता आणि हा नव्हता.

तेव्हापासून आम्ही दोन गावांतल्या गाडीवाल्या पोरांच्या मागं लागलो. मागणी साधी होती. नोंदवहीत तीन रकाने वाढवा: फोन कुणी केला, त्रास सुरू झाल्यापासून फोन येईपर्यंत किती वेळ गेला, आणि रुग्णाबरोबर कोण गेलं. तिसऱ्या एका गावातही विचारलं होतं. तिथल्या अध्यक्षांनी सांगितलं, 'आमी सेवा करतो, चौकश्या नाई करत.' त्यांचंही एका अर्थानं खरं आहे. गाडीत कण्हत पडलेल्या माणसाला फॉर्म भरायला लावू नये. म्हणून ठरलं की परत येताना चालकानं सोबत्याला सहज विचारायचं आणि नंतर लिहायचं.

पहिले काही महिने पहिल्या रकान्यात एकच शब्द सापडायचा: 'नातेवाईक'. कोण नातेवाईक? बाई स्वतः, सासू, दीर, शेजारीण? पोरं हसायची. 'म्याडम, तेवढं कोन पाहते?' हळूहळू शब्द बदलले. 'शेजारीण' आलं, 'आशाताई' आलं, 'मुलगी, सातवी' असं एकदा आलं. बाईनं स्वतः फोन केल्याची नोंद फार उशिरा आली. दुसऱ्या रकान्यात तास दिसू लागले, रात्रीच्या पुढं जास्त. मग आम्ही ती वही गावाच्या बैठकीत वाचायला सुरुवात केली. नावं न घेता, घरं न ओळखता येतील अशी. भाषण नाही, फलक नाही. नुसतं इतकंच: अमुक वाजता त्रास सुरू, अमुक वाजता फोन, अमुक वाजता गाडी दारात, अमुक वाजता दवाखाना. असं पाठोपाठ चार-पाच ओळी वाचल्या की बैठक गप्प होते. एका म्हाताऱ्या बाबांनी शेवटी म्हटलं, 'गाडी त लवकर आली बाप्पा, उशीर त घरीच झाला.' हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आजवर गाडी उशिरा येते, रस्ता खराब आहे, डॉक्टर नसतो, अशाच तक्रारी त्या ओट्यावर व्हायच्या, आणि त्याही खोट्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा घराकडे बोट गेलं, आणि ते घरच्याच माणसानं दाखवलं.

याच्यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. एका गावात नंतर ठरलं की पोटुशी बाई घरात असली तर गाडी बोलावायला कुणाची परवानगी लागणार नाही, असं आधीच तिच्या घरच्यांकडून सातव्या महिन्यात वदवून घ्यायचं. हे आशा करते. दुसऱ्या गावात रकाना पुन्हा रिकामा राहू लागला आहे, कारण चालकांची फळी बदलली. जळालेल्या आणि मार खाल्लेल्या बाईच्या बाबतीत अजून फारसं काही हललेलं नाही.

त्याचं एक कारण गाडीतच आहे. चालक पुरुष, मदतनीस पुरुष, आणि ते कुणी परके नाहीत; गावातलेच, दिराचे मित्र, चुलत जावयाचे भाऊ. अर्धवट जळालेल्या, कपडे अंगाला चिकटलेल्या बाईला त्यांच्यापुढं बोलता येईल का? तिला 'काय झालं' विचारणारा उद्या तिच्या नवऱ्याबरोबर चहा पिणार आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनातनी ज्यू वस्तीत 'हत्झोला' नावाची पुरुषांची मोठी स्वयंसेवी रुग्णसेवा आहे. तिनं बायांना घ्यायला नकार दिला, तेव्हा तिथल्या बायांनी 'एझरस नाशिम' ही आपली सेवा उभी केली. रूची फ्रायर ही त्यांची पुढारी, ती न्यायाधीशही झाली. बाळंतपणासारख्या वेळी शेजारपाजारच्या पुरुषांनी येऊन पाहावं हे आम्हाला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांची भाषा मर्यादेची आहे, आपली हक्काची, आणि ती मर्यादेची भाषा मला पूर्ण पटत नाही. पण अडचण तीच आहे. २०२० मध्ये त्यांना स्वतःची रुग्णवाहिका चालवायचा परवाना मिळाला.

आमच्याकडे लगेच उत्तर येतं, 'बाया कुठं गाडी चालवतात?' चालवतात, शिकवलं तर. आणि चालवायला नसतील तरी गाडीत एक बाई बसू शकते. बचत गटातल्या दोघीतिघींना प्रथमोपचार शिकवा, रात्री बोलावलं तर त्यांच्या घरचे अडवणार नाहीत याची तजवीज करा. त्यांना डिझेलसारखाच रोजही द्या, कारण दुसऱ्या दिवशीची त्यांची मजुरी बुडते. इथं मला 'स्वयंसेवक' या शब्दाविषयी थोडं बोलायचं आहे. आशाला सरकार 'आशा स्वयंसेविका' म्हणतं. ती रात्री-अपरात्री बाईबरोबर दवाखान्यात जाते, तिथं व्हरांड्यात बसून राहते, आणि मोबदला मागितला की तू तर स्वयंसेविका, असं ऐकवलं जातं. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. गाडी चालवणारा पोरगा स्वयंसेवक असला की २६ जानेवारीला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तीच रात्र दोघांनी एका गाडीत काढलेली असते. आमच्या एका आशाताईला मी विचारलं, 'तुमचा सत्कार कधी झाला?' ती म्हणाली, 'माया सत्कार कायले, मायं त कामच हाय.'

आणखी एक सवय मोडायला हवी, फोटोची. गाडी दवाखान्यात पोहोचली की गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो पडतो, स्ट्रेचरवरच्या रुग्णासकट. देणाऱ्या दात्याला काम दिसावं म्हणून. त्यात ना तिला विचारलेलं असतं, ना तिचा चेहरा झाकलेला. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. आधीच्या दंड संहितेत होता, आताच्या न्याय संहितेतही आहे. वाढवलेल्या रकान्यांनाही हाच नियम हवा. नाव वेगळ्या कागदावर, वही कुलपात, चावी एकीकडे. गावात वही उघडी पडली तर फोन येणं बंद होईल, आणि मग ते बरोबरच असेल.

गाडी आपल्या समाजाच्या न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीपर्यंत जाऊ शकते याचं मोठं उदाहरण सरहद्दीपलीकडे आहे. कराचीत अब्दुल सत्तार एधी यांनी १९५० च्या दशकात एका जुन्या गाडीनं सुरुवात केली. पुढं ती जगातली एक अतिशय मोठी स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवा झाली. त्यांची बायको बिल्किस शिकलेली परिचारिका. १९८६ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. नाव एधींचंच घेतलं जातं. शहरातल्या कचऱ्यात, गटारात टाकलेली अर्भकं हीच गाडी उचलायची. ती उचलता उचलता केंद्रांबाहेर पाळणे ठेवले गेले: मारू नका, इथं ठेवा, कुणी विचारणार नाही. धर्ममार्तंडांनी आरडाओरड केली, की यानं अनौरसपणाला उत्तेजन मिळतं. पाळणे राहिले. जन्मलेल्या मुलांचं आणि त्यांच्या आयांचं काम बिल्किसनं पाहिलं. गाडीला जे दिसलं त्याची दखल घेतली गेली म्हणून हे झालं. गाडीवर घोषणा रंगवून झालं नसतं.

एवढं लिहिल्यावर एक धोका सांगायला हवा. स्वयंसेवी गाडीचं कौतुक करता करता सरकारला मोकळं सोडायचं नाही. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांची, गाडीत डॉक्टर असेल अशी. ती आपल्या करातून चालते. लाखांदूरच्या टोकाला ती वेळेवर येत नसेल तर त्यावर उपाय पतसंस्थेनं आणखी एक व्हॅन देणं हा नव्हे. निदान एवढाच नव्हे. फोन १०८ ला आधी लावायचा, किती वाजता लावला आणि गाडी किती वाजता आली ते लिहायचं, आणि मग आपली गाडी काढायची, असा क्रम ठेवला तर ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत भांडायला हातात कागद राहतो. गाडी आली की तिसरा उशीर उरतोच. आमच्या जिल्ह्याला तो कधी विसरता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. गावोगावच्या आया वेळेत पोहोचल्या होत्या. त्यांच्या घरच्यांनी ठरवायला उशीर केला नव्हता, गाडीनंही केला नव्हता. दवाखान्याच्या दारात रुग्ण उतरवून परत फिरणाऱ्या गाडीनं त्या दाराच्या आत काय चालतं हे विचारायचं की नाही? मला वाटतं विचारायला हवं. कक्षात रात्री कोण असतं, आग विझवायची सोय आहे का, विजेची तपासणी कधी झाली? रोज त्या आवारात जाणाऱ्या पोरांइतकं हे कुणाला सहज दिसत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हे प्रश्न गेले पाहिजेत, आणि ते घेऊन जायला गाडीवाले आणि गटातल्या बाया बरोबर हव्यात.

यंदा रोवणी सुरू होण्याआधी आम्ही तीन गोष्टी धरल्या आहेत. गाडीचा नंबर नळावर, चक्कीवर आणि अंगणवाडीच्या दारावर रंगवायचा, तोही अक्षरं न येणाऱ्या बाईला कळेल असा, आकडे मोठे आणि शेजारी गाडीचं चित्र. मंडईतल्या नाटकाआधी दहा मिनिटं मागायची, आणि त्यात भाषण न करता वहीतल्या ओळी वाचायच्या. आणि स्वयंसेवकांच्या शिबिरात १३४ अ च्या शेजारी ११५ कलम आणि परमानंद कटारा फळ्यावर लिहायचं. नाटक कंपनीवाले दहा मिनिटं देतील की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रेक्षक ओरडतात.

आपापल्या भागात अशी गाडी असेल तर मैत्रिणींनी एकदा तिची नोंदवही पाहायला मागावी. बायकांच्या किती फेऱ्या आहेत, कशासाठीच्या आहेत, फोन कुणी केला हे लिहिलं आहे का, एवढं बघून आम्हाला कळवा. वही ठेवलीच जात नसेल तर तसं कळवा.